लोण्याच्या बाजारावरची शाळा



गेल्या जूनमध्ये मी मुलाकडे लेस्टरला होते. नात तिथल्या शाळेत तिसरीत आहे. तिला शाळेतून घरची वंशावळ काढून आणायला सांगितली होती. मी मोठ्या हौसेने सांगायला बसले. आमच्या घरची सात पिढ्यांची नावं मला पाठ आहेत. नातीने सगळी नावं लिहून घेतली, कागद हातभर लांब धरून पाहिला आणि विचारलं, "आज्जी, यांच्यापैकी कुणालाच आई नव्हती का?"

सून हसली. मला काही हसू आलं नाही. खरंच, सात पिढ्यांत एकाही बाईचं नाव नव्हतं, आणि इतकी वर्षं ती वंशावळ म्हणताना माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सुनेला सुट्टी होती. ती म्हणाली, "आई, मार्केट हारबरोला जाऊया. जुनं बाजाराचं गाव आहे. गावाभोवती चालायच्या वाटाही छान आहेत." मग नातीला शाळेत सोडून आम्ही दोघी तीन दिवस रोज जाऊन आलो. गाव पाहायला म्हणून गेले खरी, पण नातीचा प्रश्न सगळीकडे माझ्याबरोबर होता. त्या तीन दिवसांत काय पाहिलं, ते आज सांगते.

मार्केट हारबरो लेस्टरशायरच्या दक्षिण टोकाला, वेलँड नदीकाठी आहे. लेस्टरहून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं लागतात. नावाचा अर्थ ओट धान्याची टेकडी असा सांगतात. इथल्या बाजाराची पहिली नोंद १२०४ सालची आहे, आणि १२२१ पासून तो मंगळवारी भरतो. आठशे वर्षं एकच बाजाराचा वार! म्हणून आम्हीही पहिल्या दिवशी मुद्दाम मंगळवारच धरला. मुख्य रस्ता भलताच रुंद आहे. जुन्या गावांचे रस्ते अरुंद असतात, मग इथेच एवढा ऐसपैस का? तर हे गाव वसवलंच बाजारासाठी. मेंढ्या, गाड्या, पाट्या, सगळं रस्त्यावर मावायला हवं होतं.

रस्त्याच्या मधोमध सेंट डायोनिशियस चर्चचा उंच दगडी मनोरा आहे. त्याला अंगण नाही, दफनभूमी नाही, भिंत थेट रस्त्यातून वर जाते. कारण हे सुरुवातीला मुख्य चर्च नव्हतंच. माणसं पुरायला गावाबाहेरच्या सेंट मेरी इन आर्डेनला न्यावी लागत.

या चर्चच्या शेजारी ती शाळा आहे, जिच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. लाकडी खांबांवर उभी असलेली छोटीशी इमारत. खाली चारी बाजूंनी मोकळं, वर एक खोली. याच गावात जन्मलेले रॉबर्ट स्मिथ लंडनला गेले, तिथे शहराच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर पोचले आणि त्यांनी १६१४ साली गावच्या मुलांसाठी ही शाळा बांधून दिली. मग ती जमिनीवर का नाही बांधली? कारण खालच्या जागेत लोण्याचा बाजार भरत असे. पावसापाण्यात विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावं, म्हणून शाळा वर उचलली. वर मुलं धडे गिरवत आणि खाली लोण्याची विक्री चाले.

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत दूध-दुभतं बघणं हे बाईचं काम होतं. धार काढणं, घुसळणं, लोणी बाजारात नेणं, बहुतेक सगळं तिच्याच हातचं. म्हणजे या छपराखाली बसणाऱ्या बहुतांशी बायकाच असणार. शाळा बांधणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे, खाली बसणाऱ्यांपैकी एकीचंही नाही.

मी त्या खांबांमध्ये उभी राहिले आणि मला आमच्या आजेसासूबाई आठवल्या. शिरोळ तालुक्यात आमची शेती. घरात चार म्हशी. आपल्याकडे लोणी ठेवत नाहीत, काढलं की दोन घटकांच्या आत कढवायचं. म्हणून त्या लोणी नाही, तूप विकायच्या. आठवडी बाजाराला पितळी डबा डोक्यावर घेऊन निघायच्या आणि उन्हात पदराची सावली करून बसायच्या. लग्न होऊन आले तेव्हा त्या खूप थकल्या होत्या, तरी बोटाने तुपाचा कण चोळून ते कुणाच्या म्हशीचं हे सांगायच्या. घरची विहीर त्यांच्या तुपाच्या पैशांवर खोदली, असं सासूबाई सांगत. विहिरीवरच्या दगडावर मात्र आजेसासऱ्यांचं नाव आहे.

सुनेला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्यांचं नाव काय होतं?" मला सांगता आलं नाही. आम्ही सगळे त्यांना "आज्जी"च म्हणायचो.

शाळेपासून चार पावलांवर एक मोठी लाल विटांची इमारत आहे. आता तिथे नगर परिषदेची कचेरी, वाचनालय आणि संग्रहालय आहे. पूर्वी हा सिमिंग्टन यांचा कॉर्सेटचा कारखाना होता. कॉर्सेट म्हणजे बायकांची कंबर आवळून बांधायची ताठ चोळी. एकोणिसाव्या शतकात जेम्स सिमिंग्टन या गावात कपड्यांच्या धंद्यात होते. त्यांनी सेरा गोल्ड नावाच्या बाईशी लग्न केलं. सेरा या आवळत्या चोळ्या शिवण्यात तरबेज होती. तिच्या हातच्या त्या कलेतून धंदा उभा राहिला. पुढे मुलांनी तो वाढवला आणि कारखान्यावर नाव लागलं ते मुलांचं, आर. अँड डब्ल्यू. एच. सिमिंग्टन. जेम्सचे भाऊ विल्यम यांचा वाटाण्याच्या पिठाचा आणि सूपचा धंदाही याच गावात चालला.

कॉर्सेट ताठ राहावं म्हणून त्या काळी व्हेल माशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालत. आपल्याला ऐकूनच अंगावर काटा येतो. एका बाईची कंबर बारीक दिसावी म्हणून समुद्रात केवढी हिंसा! पण याच कारखान्याने १८९० च्या सुमाराला घरकाम करणाऱ्या मुलींसाठी एक स्वस्त कॉर्सेट काढलं. त्यात महागड्या पट्ट्यांऐवजी दोऱ्या घालून शिवण केली होती. दिवसभर वाकून फरशी पुसणाऱ्या मुलीलाही कंबर आवळावीच लागत होती, हे त्यातून कळतं. पुढे १९०८ साली इथेच लिबर्टी बॉडीस निघाली. मऊ कापडाची, न आवळणारी, लहान मुलींना थंडीत घालायची चोळी. ती इतकी खपली की इंग्लंडमधल्या दोन-तीन पिढ्या ती घालून वाढल्या. कारखान्यात शिलाईयंत्रांवर बसायला शेकडो मुली याच गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या होत्या. म्हणजे ज्या हातांनी आवळणारी चोळी शिवली, त्याच हातांनी मोकळीही शिवली.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या वाटेने गेलो. गावातल्या युनियन व्हार्फ या धक्क्यापासून फॉक्सटनपर्यंत कालवा जातो. साधारण साडेपाच मैल, म्हणजे नऊ किलोमीटरच्या आसपास. १८०९ साली तो खुला झाला. टेकड्यांच्या उंचीची रेघ धरून तो वळणं घेत जातो, त्यामुळे या वाटेवर चढ असा नाहीच. गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणींनी अगदी बिनधास्त जावं. पूर्वी नाव ओढणारा घोडा ज्या काठाने चाले, ती ही पायवाट. पावसानंतर वाटेवर गोगलगायी खूप येतात. मी खाली बघूनच चालत होते, सूनही तशीच. दोघी गप्प चाललो की समजायचं, पुढे गोगलगायी आहेत.

वाटेत मेंढ्यांची कुरणं लागतात. नीट बघा, गवताखाली जमीन लाटांसारखी वरखाली दिसते. शेतकऱ्याच्या घरची असाल तर लगेच ओळखाल, हे सरी-वरंबे आहेत. मध्ययुगात इथे नांगर चालत होता, धान्य पिकत होतं. पुढे मोकळी शेतं कुंपणं घालून बंदिस्त केली, जमीन मेंढ्यांना सोडली आणि नांगर थांबला. गवताने शेकडो वर्षांपूर्वीच्या सऱ्या तशाच जपून ठेवल्या. मला तर हे चर्चच्या मनोऱ्यापेक्षा मोठं स्मारक वाटलं.

फॉक्सटनला कालव्याचा पाण्याचा जिना आहे. नाव पंचाहत्तर फूट वर चढवायची, तर एकावर एक दहा हौद केलेत, पाच-पाचचे दोन जिने. नाव खालच्या हौदात आली की मागचं दार बंद करायचं, वरच्या हौदातलं पाणी आत सोडायचं, पाणी चढलं की नावही चढते. मग पुढचं दार उघडायचं आणि पुढच्या हौदात जायचं. १८१४ साली हे काम पुरं झालं आणि आजही सगळं हाताने चालतं. जायला पाऊण ते एक तास लागतो, एका वेळी एकाच दिशेने जाता येतं, म्हणून नावा खोळंबून राहत. त्यावर तोडगा म्हणून १९०० साली शेजारी उतरणीवर रुळांची सोय केली. पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या टाक्या, एक खाली येताना दुसरी वर, मधे नाव तशीच तरंगती, ओढायला वाफेचं यंत्र. बारा मिनिटांत काम! पण तोवर माल रेल्वेने जायला लागला होता. ते यंत्र परवडेना, १९११ मध्ये बंद केलं आणि पुढे भंगारात गेलं. आता त्याच्या बॉयलरच्या जागी छोटं संग्रहालय आहे. साधे हौद मात्र दोनशे वर्षं चालूच आहेत.

तिथल्या एका रंगीत नावेची खोली मी डोकावून पाहिली. रेल्वेशी स्पर्धा वाढली, तसे नावाडी पगारी गडी ठेवण्याऐवजी बायकोमुलांना घेऊन नावेवरच राहायला लागले. सगळा संसार दहा फूट लांब आणि सात फुटांहूनही कमी रुंद खोलीत. त्यातच चूल, त्यातच अंथरूण, त्यातच बाळंतपण. बाई एका हाताने सुकाणू धरी आणि दुसऱ्या हाताने पोराला. मुलांना शाळा नाही, कारण नाव थांबत नाही. याच लेस्टरशायरमधल्या कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांनी या मुलांसाठी आवाज उठवला आणि १८७७ साली नावेवरच्या घरांसाठी कायदा झाला. किती माणसांनी राहायचं, याची मर्यादा ठरली. एवढ्याशा खोलीत पितळी कड्या घासून चकचकीत ठेवलेल्या आणि खिडकीला विणलेली लेस पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई कुठेही गेली तरी घर करतेच.

काठावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिकडे जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे रात्रीभोजनाचा प्रश्नच येत नाही. मात्र बाजारात चीज घेताना लेबल वाचा. त्या भागात चीजचं मोठं कौतुक आहे आणि काहींत वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट असतं.

तिसरा दिवस ब्रॅम्प्टन व्हॅली वेचा. मार्केट हारबरो ते नॉर्थॅम्प्टन ही रेल्वे १८५९ साली सुरू झाली आणि १९८१ मध्ये बंद पडली. रूळ काढून तिथे चौदा मैलांची पायवाट आणि सायकलवाट केली आहे. आम्ही चारेक मैलच गेलो. वाटेत ऑक्सेंडनचा बोगदा आहे, आत दिवे नाहीत, बॅटरी न्यायलाच हवी. आत ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज आणि पलीकडे दिसणारा उजेडाचा ठिपका. मी मनात णमोकार म्हणत पार केला, हे सांगायला लाज कसली!

दुपारी टॅक्सीने नेझबीला गेलो. हारबरोपासून सात-आठ मैलांवर. १४ जून १६४५ ला इथल्या मोकळ्या माळावर राजा पहिला चार्ल्स आणि संसदेचं सैन्य यांची निर्णायक लढाई झाली. संसदेचे सेनापती होते सर थॉमस फेअरफॅक्स, घोडदळाला ऑलिव्हर क्रॉमवेल. सकाळी सुरू झालेली लढाई काही तासांत संपली. राजाचं पायदळ मोडलं, चार हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. काहींना हारबरोच्या त्याच मनोऱ्याच्या चर्चमध्ये कोंडलं. विजयाची बातमी कळवणारं क्रॉमवेलचं पत्रही त्या दिवशी हारबरोहूनच निघालं. राजाला पुढे १६४९ मध्ये मृत्युदंड झाला. मैदानावर १८२३ सालचा एक स्तंभ आहे आणि १९३६ सालचं एक स्मारक.

पण लढाई संपल्यावर जे झालं, ते ऐकून मी तिथेच गवतात बसले. राजाच्या सैन्यामागे बायका चालत होत्या. कुणाची बायको, कुणी स्वयंपाकीण, कुणी कपडे धुणारी. जिंकलेल्या सैनिकांनी त्यांतल्या शंभरहून जास्त बायका मारल्या आणि इतर कित्येकींचे चेहरे विद्रूप केले. का? तर त्या बायका परकी भाषा बोलत होत्या आणि सैनिकांना वाटलं, या आयर्लंडच्या. बहुधा त्या वेल्सच्या होत्या, कारण राजाच्या पायदळात वेल्सचे लोक बरेच होते. त्या आपल्या भाषेत जिवाची भीक मागत असतील, आणि ती भाषाच त्यांच्या जिवावर उठली.

मी सुनेकडे पाहिलं. ती या देशात आली तेव्हा पहिले सहा महिने दुकानात बोलायला घाबरायची, हे मला मुलानेच सांगितलं होतं. मी तेव्हा म्हणाले होते, "शिकेल हळूहळू." फोनवर तेवढंच बोलले होते. त्या माळावर मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं. तू पहिल्यांदा इथे आलीस, तेव्हा मी यायला हवं होतं."

परतीच्या गाडीत मी तिला थॉमस कुकची गोष्ट सांगितली. सहलीच्या धंद्यात ज्याचं नाव जगभर झालं, तो माणूस तरुणपणी याच हारबरोत लाकूडकाम करत होता. त्याआधी धर्मप्रचारक असताना १८२९ या एका वर्षात तो दोन हजार मैलांहून जास्त पायी चालला. आपल्या मुनिमहाराजांच्या विहाराची आठवण येते की नाही? १८३३ च्या पहिल्या दिवशी त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली. जून १८४१ मध्ये तो व्यसनमुक्तीच्या सभेसाठी हारबरोहून लेस्टरला चालत निघाला. पंधरा मैल, कारण हारबरोला रेल्वे १८५० पर्यंत आलीच नव्हती. वाटेत त्याला सुचलं की ही नवी रेल्वे व्यसनमुक्तीच्या कामी का आणू नये? ५ जुलै १८४१ ला सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात तो लेस्टरहून लफबरोच्या सभेला गाडीने घेऊन गेला. लोकांना दारूच्या गुत्त्यातून बाहेर काढायला काढलेली ही सहल. आज दारूशिवाय सहल होत नाही असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

सुनेने विचारलं, "आणि त्याची बायको?" आता तिलाही ती सवय लागली होती! तिचं नाव मेरिअन. लेस्टरला त्यांनी दारू न देणारं हॉटेल काढलं, आणि ते चालवलं मेरिअनने.

घरी आल्यावर त्याच रात्री मी गावी फोन लावला. भारतात पहाट झाली होती, पण आमच्या आत्तीबाई चारलाच उठतात. नव्वदी गाठलेल्या आहेत. त्यांना विचारलं, आज्जींचं नाव काय? त्यांनी एक नाही, दोन नावं सांगितली, माहेरचं एक आणि सासरचं एक. मग स्वतःहून त्यांच्या सासूचं नाव, तिच्या जावेचं नाव, बाळंतपणात गेलेल्या एका काकूचं नाव. पाऊण तास बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं गं."

नातीच्या वंशावळीत आता अकरा बायका आहेत. चौथ्या पिढीच्या वर काही सापडलं नाही. तिथे तिने प्रत्येक पुरुषाशेजारी एक रिकामा गोल काढला आहे आणि खाली लिहिलंय, आई. शाळेच्या खांबांखाली काढलेला माझा फोटोही तिने त्या कागदाला डकवला.

तुमच्यापैकी कुणी लेस्टरला गेलात, तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या आपल्या मंदिरात दर्शन घ्या. जुन्या चर्चच्या इमारतीत ते उभं राहिलं आणि १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. मग एक मंगळवार हारबरोसाठी ठेवा. पायात चांगले बूट, पिशवीत बॅटरी आणि दशम्या. आणि त्याआधी, जमलं तर आजच, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फोन करून तिच्या सासूचं नाव विचारा.

जय जिनेंद्र.